मेपलची पट्टी आणि तिची निगा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. निवृत्त शाळामास्तरानें शुद्धलेखनाविषयीं बोलावें, मुलांच्या अभ्यासासंबंधीं चार उपदेशाचे शब्द सांगावे. त्यानें गिटारच्या नादीं कां लागावें? प्रश्न रास्त आहे. मला गिटार वाजवितां येत नाहीं. माझें शिक्षणही जुन्या मॅट्रिकपर्यंतचेंच. परंतु तीस वर्षें मीं शाळेंत हस्तव्यवसाय शिकविला. रंधा, पटाशी आणि कांचकागद यांच्याशीं माझा निकटचा परिचय आहे. आणि ह्या परिचयाच्या घमेंडींत मीं एकदां एका गिटारचें असें नुकसान केलें कीं, तें पूर्णपणें भरून येण्यासारखें नाहीं. ती हकीगत योग्य स्थळीं येईल. आज पुष्कळ घरांतून मुलांच्या खोलींत भिंतीला टेकलेली एखादी गिटार दिसते, आणि दिवाळीच्या साफसफाईंत तिच्यावर हात फिरविणारें माणूस बहुधा ती वाजविणारें नसतें. अशा घरांसाठीं हे चार शब्द आहेत.

प्रथम नांवें ठरवून घेऊं. गिटारच्या लांब मानेला आपण सतारीप्रमाणें दांडी म्हणूं. ह्या दांडीच्या पुढल्या अंगाला, तारांच्या खालीं, जी गुळगुळीत फळी असते तिला इंग्रजींत फ्रेटबोर्ड किंवा फिंगरबोर्ड म्हणतात. आपण तिला पट्टी म्हणूं. पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ह्या पट्टीवर ठराविक अंतरांनीं धातूचे पडदे असतात. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, उंच व कमानदार असून ते खालींवर सरकवितां येतात. गिटारचे पडदे मात्र पट्टींत खांचा पाडून त्यांत कायमचे बसविलेले असतात, आणि त्यांची उंची जेमतेम एक मिलिमीटर असते. हा भेद आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. सतार वाजवितांना बोट लांकडाला फारसें लागत नाहीं. गिटारवर तें प्रत्येक सुराबरोबर लांकडाला टेकतें, घासतें, आणि आपला घाम व मळ तेथें ठेवून जातें.

ही पट्टी मुख्यतः तीन लांकडांची करतात : आबनूस, शिसव आणि मेपल. पैकीं शिसवाचें लांकूड आपल्या घरोब्याचें. सह्याद्रींत व दक्षिणेंतील जंगलांत वाढणाऱ्या ह्या झाडाला शास्त्रज्ञ डाल्बर्जिया लॅटिफोलिया म्हणतात. आजोबांच्या झोपाळ्याचें व पलंगाचें जें काळसर लांकूड आपण लहानपणापासून पाहत आलों, त्याच जातीचें लांकूड परदेशीं जाऊन असंख्य गिटारांच्या दांड्यांवर बसलेलें आहे. त्याच्या अंगीं मूळचीच थोडी स्निग्धता असते, आणि रंग काळसर असल्यामुळें मळ डोळ्यांत भरत नाहीं. म्हणून शिसवी पट्टीवर बहुधा रोगण चढवीत नाहींत. ती उघडीच ठेवतात आणि वर्षांतून एकदोनदां तिच्यावर तेलाचें बोट फिरवितात.

मेपलची गोष्ट निराळी. हिमालयांत त्याच्या कांहीं जाती आहेत. परंतु गिटारसाठीं जो कठीण मेपल वापरतात तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतला. ह्याच्याच रसापासून तिकडे गोड पाक करतात. त्याचें लांकूड सागवानाहून कठीण पण शिसवाहून मऊ, रंगानें दुधावरच्या सायीसारखें, आणि त्याचीं छिद्रें इतकीं बारीक कीं नुसत्या डोळ्यांना तीं दिसत नाहींत. व्हायोलिनची पाठ, बाजू आणि मान शेंकडों वर्षें मेपलचीच होत आली आहे; तिची बोटांखालची पट्टी मात्र आबनूसाची असते. ह्याचें कारण उघड आहे. मेपलचें लांकूड बळकट खरें, पण उघडें ठेवून त्यावर बोटें फिरूं लागलीं कीं तें लवकरच करड्या, ओंगळ रंगाचें होतें, आणि आंत मुरलेला मळ पुसून निघत नाहीं.

दुसरें कारण हवेंतील ओलाव्याचें. सर्वच लांकूड ओलाव्यानें फुगतें व कोरडेपणानें आकसतें. पण सगळें सारखें आकसत नाहीं. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेनें मोजलें, तर ओला मेपल पूर्णपणें वाळेपर्यंत सुमारें ९.९ टक्के आकसतो. शिसव सुमारें ५.८ टक्के. घरांत ठेवलेल्या वाद्याच्या बाबतींत हा फरक एवढा मोठा होत नाहीं, कारण तें लांकूड मुळांतच वाळविलेलें असतें; तथापि प्रवृत्ति तीच. म्हणून मेपलच्या पट्टीला अंगरखा हवा. हा अंगरखा म्हणजे रोगण. तें मळाला आंत शिरूं देत नाहीं आणि ओलाव्याची येजा मंद करतें. आजच्या भाषणांतील मुख्य गोष्ट आतां एका वाक्यांत सांगतों. शिसवी पट्टीची निगा म्हणजे लांकडाची निगा. मेपलच्या पट्टीची निगा म्हणजे तिच्यावरील रोगणाची निगा. ज्याला हा फरक कळला त्याच्या हातून सहसा नुकसान होणार नाहीं.

मेपलची पट्टी आजच्या गिटारवर आली कशी, हेंही थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन ह्या गांवीं लिओ फेंडर नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें १९३८ च्या सुमारास रेडिओ दुरुस्तीचें दुकान घातलें होतें; म्हणजे नभोवाणीच्या श्रोत्यांना तो अगदींच परका नव्हे. १९५० सालीं त्यानें विजेवर चालणारी, सपाट व भरीव अंगाची गिटार बाजारांत आणली. तिची दांडी आणि पट्टी वेगवेगळी नव्हती. मेपलच्या एकाच तुकड्यांतून दोन्ही कोरलेलीं होतीं. दांडी तारांच्या ताणानें वांकूं नये म्हणून लवकरच तिच्यांत पोलादी सळई घालण्यांत येऊं लागली. ही सळई पाठीकडून घालावी लागे, आणि ती खांच अक्रोडाच्या काळसर पट्टीनें बुजवीत. आजही मेपलच्या पुष्कळ दांड्यांच्या पाठीवर ही काळी रेघ दिसते. पडदे बसविल्यानंतर सर्व दांडीवर, पडद्यांसकट, नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा फवारा मारीत असत.

व्यवस्था सोपी व स्वस्त होती, पण तिच्यांतील वैगुण्य थोड्या वर्षांतच दिसूं लागलें. रोगणाचा थर पातळ. वादक रोज पांचसहा तास वाजविणारे. तेव्हां ज्या जागीं बोट वारंवार पडतें तेथलें रोगण झिजून लांकूड उघडें पडे व काळवंडे. १९५८ सालीं फेंडरच्या एका नव्या गिटारवर शिसवी पट्टी आली आणि १९५९ पासून ती इतरही गिटारांवर बसूं लागली. मळकट पट्ट्या पाहणाऱ्यास बऱ्या दिसत नाहींत, हें ह्या बदलाचें एक कारण म्हणून सांगतात. पुढें मेपलच्या पट्टीला पुन्हां मागणी आली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस जुन्या रोगणाऐवजीं जाड व टणक अशीं नवीं रासायनिक रोगणें वापरांत आलीं.

तेव्हां आपल्या घरांतील पट्टीवर कोणता अंगरखा आहे, हें ओळखणें ही पहिली पायरी होय. ढोबळ मानानें तीन प्रकार सांगतां येतील. पहिला, पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर यांचें कठीण रोगण. हें कांचेसारखें चमकतें किंवा मंद चमकेचें असतें, आणि आज कारखान्यांतून येणाऱ्या बहुसंख्य मेपलच्या पट्ट्यांवर हेंच असतें. दुसरा, जुन्या पद्धतीचें नायट्रोसेल्युलोजचें रोगण. हें पातळ असतें, वयाबरोबर मधासारखें पिवळें होत जातें, त्याला कधीं बारीक चिरा पडतात, आणि झिजतें तेव्हां थराथरानें झिजतें. तिसरा, नुसतें तेल व मेण. अमेरिकेंतील एर्नी बॉल म्युझिक मॅन ही कंपनी आपल्या अनेक दांड्यांना बंदुकीच्या दस्त्याला लावावयाचें तेल व मेण चोळते. अशी दांडी हाताला साध्या लांकडासारखी लागते आणि चमकत नाहीं.

शंका असेल तर पट्टीच्या शेवटच्या टोंकाला, जेथें ती गिटारच्या अंगाला मिळते तेथें, पाण्याचा अगदीं लहान थेंब काडीनें ठेवावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर रोगण शाबूत आहे. तो पसरला व त्याखालचें लांकूड काळसर दिसूं लागलें, तर तेथें रोगण नाहीं असें समजावें. थेंब लगेच टिपून घ्यावा. ही परीक्षा निर्धोक आहे. रसायनें लावून रोगणाची जात ओळखण्याच्या ज्या परीक्षा आहेत, त्या घरीं करूं नयेत. कारण त्यांत रोगण विरघळतें आणि उत्तर मिळेपर्यंत तें गेलेलें असतें.

आतां माझ्या अपराधाची हकीगत. माझे थोरले बंधु, ज्यांना मी दादा म्हणत असें, मुंबईस नोकरी करीत आणि संध्याकाळीं एका वाद्यवृंदांत गिटार वाजवीत. १९७६ सालीं त्यांनीं जहाजावर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गिटार विकत घेतली. तिची पट्टी मेपलची होती. पस्तीस वर्षें ती त्यांच्या हातांत होती. २०१२ सालीं दादा गेले. त्यानंतर चार वर्षांनीं माझ्या पुतणीनें ती गिटार वाजविण्यास काढावयाचें ठरविलें, आणि तारा बदलण्यापूर्वीं ती जरा स्वच्छ करून ठेवा असें मला सांगून ती आठ दिवस बाहेरगांवीं गेली.

मीं पट्टी पाहिली. मधाच्या रंगावर तिसऱ्या, पांचव्या आणि सातव्या पडद्यामागें लांबट काळे डाग होते. मला ते लाज आणणारे वाटले. शाळेंतील बाकें मीं अशींच स्वच्छ केलेलीं होतीं. मीं कांचकागद घेतला, डाग घासले. ते पुरते निघेनात म्हणून अधिक घासले. आणि लांकूड फिकें पडलेलें पाहून, घरच्या शिसवी झोपाळ्याला करतों तसें, वरून खोबरेल तेल चोळलें. दुसऱ्या दिवशीं पाहिलें तों मधाच्या रंगांत पांढुरके पट्टे उमटले होते, त्यांच्या कडांना तेल मुरून काळी किनार आली होती, आणि पट्टी बोटाला चिकट लागत होती.

पुतणी परत आली. तिनें गिटार हातांत घेतली, बराच वेळ पट्टीकडे पाहिलें, आणि म्हणाली, “काका, इथले डाग कुठं गेले? बाबांची बोटं तिथंच पडायची. मी तीच जागा बघून शिकणार होते.” ती रागावली नाहीं. रागावली असती तर मला बरें वाटलें असतें.

मग आम्ही दोघें गिरगांवांतील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं चष्मा कपाळावर सरकवून पट्टी उजेडांत तिरपी धरली आणि म्हणाले, “मास्तर, मळ तुम्ही थोडाच काढलात. काढलंत ते रोगण.” त्यांनीं जें समजावून सांगितलें, तेंच मी पुढें सांगत आहें. त्यांत भर आहे ती त्यानंतर मीं वाचलेल्या व करून पाहिलेल्या गोष्टींची.

नित्याची निगा फार थोडी आहे, आणि ती थोडी असणें हाच तिचा गुण. वाजविण्यापूर्वीं हात साबणानें धुऊन कोरडे करावेत. पट्टीवरील निम्मा मळ येथेंच टळतो. वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या किंवा बनियनच्या मऊ, कोरड्या कापडानें तारा वरून व खालून पुसाव्यात, आणि तेंच कापड तारांखालून पट्टीवर फिरवावें. ह्याला एक मिनिट लागतें. घाम ताजा असतांना निघतो. वाळल्यावर त्यांतील क्षार व त्वचेचें तेल मिळून जो थर होतो, तो मग खरवडावासा वाटतो, आणि खरवडण्यांतूनच पुढील अनर्थ होतो.

तारा बदलतांना थोडी अधिक सफाई करावी. कापड पाण्यांत बुडवून इतकें पिळावें कीं पट्टीवर ओलेपणाची रेघ उमटली तरी ती आपोआप क्षणांत नाहींशी व्हावी. ह्या कापडानें एकेक पडद्यामधील जागा पुसावी आणि लगेच कोरडी करावी. पडद्याच्या कडेला मळाची कोर धरलेली असते. ती जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्यानें हलकेच काढावी, धातूच्या वस्तूनें नव्हे. मळ चिवट असल्यास पिळलेल्या कापडावर भांडीं घासण्याच्या सौम्य द्रवाचा एक थेंब घ्यावा व मागून साध्या ओलसर कापडानें पुसावें. एवढ्यानेंही भागलें नाहीं तर कारागीर नॅप्था वापरतात. तो तेलकट मळ काढतो आणि सामान्यतः शाबूत रोगणास धक्का लावीत नाहीं. पण तो पेट घेणारा पदार्थ आहे, म्हणून देवघराच्या व स्वयंपाकघराच्या वाऱ्यासही त्याला ठेवूं नये. जेथें रोगण झिजून लांकूड उघडें आहे तेथें पाणी शक्य तों नेऊंच नये.

आतां काय करूं नये तें सांगतों, कारण बहुतेक नुकसान न करण्याच्या गोष्टी केल्यानें होतें. बाजारांत पट्टीसाठीं म्हणून जें लिंबाच्या वासाचें तेल मिळतें, तें शिसव व आबनूस यांच्यासाठीं आहे. रोगण शाबूत असलेल्या मेपलवर तें आंत शिरतच नाहीं. वर पसरून मळ धरतें. रोगण झिजलेल्या जागीं मात्र तें शिरतें, लांकूड काळें करतें, आणि पुढें नवें रोगण देण्याची वेळ आली तर त्याला नीट चिकटूं देत नाहीं. सिलिकोन असलेलीं फर्निचरचीं पॉलिशेंही ह्याच कारणासाठीं वर्ज्य. अॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढण्याचें द्रव, जुनें रोगण थेट विरघळवितें. २०२० सालच्या साथींत घरोघर सॅनिटायझर आलें. त्यांतील अल्कोहोलनें जुनें रोगण मऊ पडतें व धुरकट होतें, म्हणून तें हाताला लावल्यास हात पुरते वाळल्यावरच गिटार घ्यावी. डासांसाठीं अंगाला लावावयाच्या कांहीं मलमांतील डीट हें द्रव्यही रोगणाचा नाश करतें. आणि जुन्या रोगणाची दांडी रबराच्या किंवा मऊ प्लॅस्टिकच्या टेकणीवर महिनोन्‌महिने ठेवूं नये. टेकणींतील द्रव्यें रोगणांत उतरून कायमचा डाग पडतो. मध्यें सुती कापड असावें.

हवेचीही थोडी काळजी हवी. गिटारला साधारणतः ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबईचा पावसाळा ह्याच्या पुष्कळ वर असतो, आणि विदर्भाचा उन्हाळा पुष्कळ खालीं. हवा फार कोरडी झाली म्हणजे लांकूड आकसतें, पण धातूचे पडदे आकसत नाहींत. मग त्यांचीं टोंकें कडेबाहेर येऊन तळहाताला टोंचूं लागतात. तीं घासून टाकण्याची घाई करूं नये. गिटार पेटींत ठेवावी आणि हवा बदलेपर्यंत वाट पाहावी. कित्येकदां तीं आपोआप आंत जातात. पावसाळ्यांत पेटींत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि बाहेरच्या भिंतीला टेकून गिटार उभी करूं नये.

आतां नवें रोगण कधीं द्यावें? माझें उत्तर असें कीं, लांकूड खरोखरच उघडें पडून दरवर्षीं अधिकाधिक करडें, खडबडीत किंवा चिकट होत असेल, तेव्हांच. नुसत्या डागांसाठीं कधींही नाहीं. ज्यांनीं दांडी कोरीच आणली आहे त्यांना मात्र तिला कांहीं तरी आवरण दिलेंच पाहिजे, आणि घरच्या हातांना त्यांतल्या त्यांत झेपणारी रीत तेलाची आहे.

येथें तेल म्हणजे कोणतें, हें नीट ध्यानांत घ्यावें. खोबरेल कधीं वाळत नाहीं. तें लांकडांत मुरून तसेंच तेलकट राहतें. जवसाचें तेल आणि तुंग तेल हीं वाळणारीं तेलें आहेत. तीं हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतात व लांकडाच्या वरच्या थरांत पातळ कवच तयार करतात. मेपलसाठीं तुंग तेल अधिक पसंत करतात, कारण जवसाचें तेल कालांतरानें जास्त पिवळें पडतें.

तारा काढून गिटारचें अंग कागदानें झांकावें. गिटार विजेची असेल तर तिच्या चुंबकांवर कागदी चिकटपट्टी लावावी. पडद्यांवरही चिकटपट्टी लावावी. मग २२० नंबरचा कांचकागद, त्यानंतर ३२० आणि शेवटीं ४०० नंबरचा, असा क्रम ठेवून लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच घासावें. आडवें घासल्यास ओरखडे उमटतात आणि तेल लावल्यावर ते अधिकच दिसतात. पट्टीला किंचित कमान असते, म्हणून कागदामागें कठीण ठोकळा न धरतां नुसतें बोट किंवा मऊ रबर धरावें. पूड झाडून पिळलेलें कापड एकदां फिरवावें. त्यानें लांकडाचे बारीक तंतु उभे राहतात. तें पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरनें हलकेच ते कापून काढावेत. मग सुती चिंधीवर तेलाचे थोडेच थेंब घेऊन चोळावें, दहापंधरा मिनिटें थांबावें, आणि वर राहिलेलें सर्व तेल पुसून काढावें. हें पुसणें राहिलें तर पट्टी चिकट होते. चोवीस तास वाळूं द्यावें; हवा दमट असेल तर अधिक. असे चारपांच हात द्यावेत, आणि सर्वांत शेवटीं थोडें मेण चोळून मऊ कापडानें चमक आणावी. असें आवरण रोगणाइतकें टणक नसतें. तें वर्षादोन वर्षांनीं पुन्हां द्यावें लागतें.

येथें एक धोक्याची सूचना. तेलाच्या चिंध्या चुरगळून टोपलींत टाकूं नका. हीं तेलें वाळतांना उष्णता निर्माण करतात. चिंध्यांचा गोळा असेल तर ती उष्णता आंत कोंडते, आणि कोणीं काडी न ओढतांही आग लागते. चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्यांत भिजवून झांकणाच्या डब्यांत ठेवाव्यात. शाळेच्या सुतारशाळेंत हा नियम मीं मुलांना दरवर्षीं सांगत असें, आणि आजही आधीं तोच सांगावासा वाटतो.

फवाऱ्यानें द्यावयाचें रोगण जाणत्याकडूनच करून घ्यावें. त्याच्या वाफा ज्वालाग्राही असतात व छातीला अपायकारक असतात. शिवाय पावसाळी हवेंत नायट्रोसेल्युलोजचें रोगण दिलें तर द्रव उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील बाष्प त्यावर धरतें, आणि रोगण दुधासारखें पांढरें पडतें. म्हणून आमच्या कारागिरांनीं गिटार जुलैंत ठेवून घेतली, पण काम दसऱ्यानंतर केलें. त्यांनीं आधीं माझें खोबरेल काढलें. त्यालाच सर्वांत अधिक दिवस लागले. मग पातळ थर एकावर एक दिले आणि पुरतें वाळण्यास कित्येक आठवडे टांगून ठेवलें. पट्टी आज निरोगी आहे. पांढुरके पट्टे पुष्कळ मिसळून गेले आहेत, पण तिरप्या उजेडांत मला ते दिसतात.

डागांविषयीं एक शेवटचा शब्द. इंग्लंडमधील प्रसिद्ध वादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ नांवाची गिटार होती. तीन जुन्या गिटारांचे भाग जमवून ती केलेली. पट्टी मेपलची, आणि वर्षानुवर्षांच्या वाजविण्यानें झिजलेली. २००४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत ती ९,५९,५०० डॉलरांना विकली गेली. १९९५ पासून फेंडरचा कारखाना तर नव्या गिटारांना मुद्दाम झिजवून व डागाळून विकूं लागला, आणि गिऱ्हाईक त्यासाठीं अधिक पैसे मोजूं लागलें. ह्यांतील हौसेचा भाग सोडला तरी एक गोष्ट राहते. खऱ्या बोटांनीं पडलेला डाग ही एक नोंद असते. ती कोणती बोटें कोठें व किती वेळां पडलीं हें सांगते, आणि पुसल्यावर ती दुसऱ्या कोणास लिहितां येत नाहीं. साफ करावयास बसणाऱ्यानें आधीं विचारावें कीं, हा मळ आहे कीं नोंद. आणि विचारावें तें वाजविणाऱ्यास किंवा त्याच्या माणसांस.

माझी पुतणी आतां बरें वाजविते. तिसऱ्या, पांचव्या व सातव्या पडद्यांची जागा तिला दुसऱ्यांकडून शिकावी लागली. दर दिवाळीला मी तिच्या घरीं जातों, तेव्हां गिटार पुसण्याचें काम ती आवर्जून माझ्याकडेच देते. फक्त कापड तिचें असतें. कोरडें, मऊ, धुतलेलें. “काका, एवढ्यानंच हं,” असें ती म्हणते, आणि मी तेवढ्यानेंच पुसतों.